पेशींची पानगळ

आपल्या हाताची बोटे सुटी कशी झाली, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. आईच्या पोटात प्रथम हा पंजा वल्ह्यासारखा सलग असतो. बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, म्हणून बोटे मोकळी होतात. आपल्या घडणीत मरणाचाही असा वाटा आहे!

या शिस्तीच्या मरणाला १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघा संशोधकांनी नाव दिले. ॲबर्डीनच्या एका ग्रीक भाषेच्या प्राध्यापकांनी सुचवलेला तो शब्द म्हणजे 'अपॉप्टोसिस', अर्थ, पानगळ.

परंतु ही पानगळ रोखून धरणारेही कुणी शरीरात आहे, याचा पत्ता पुढे कर्करोगाच्या वाटेने लागला. लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगात चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आढळे. त्या सांध्यापाशी १९८४ च्या सुमारास फिलाडेल्फियात त्सुजिमोतो आणि क्रोचे यांना एक जनुक सापडले. त्याचे नाव 'बीसीएल-२'. कर्करोगाचे जनुक म्हणजे पेशींची संख्या भराभर वाढवणारे, असाच तेव्हाचा समज होता.

१९८८ साली मेलबर्नमध्ये डेव्हिड व्हॉक्स, सुझान कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी हे जनुक रक्तपेशींच्या वंशातील पेशींत घातले आणि त्यांना जगवणारे द्रव्य काढून घेतले. साध्या पेशी मेल्या. या मात्र तग धरून राहिल्या. आणि नवल असे, की त्यांची संख्या वाढली नाही! त्या नुसत्या मरेनात. कर्करोगाला केवळ अनावर वाढच नव्हे, तर चुकलेले मरणही कारण होते, हे त्यातून उमगले.

१९९२ साली व्हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचे हेच जनुक एका चिमुकल्या कृमीत घातले. या कृमीच्या शरीरात घडणाऱ्या १०९० पेशींपैकी नेमक्या १३१ मरतात. त्या मरणाऱ्यांपैकी काही आता जगल्या! कुठे माणूस, कुठे कृमी. पण मरणाचा कायदा दोघांना एकच.

शत्रूचे काम कळले, की उपायही सुचतो. बीसीएल-२ हे प्रथिन मरणाचा निरोप आणणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवते. ती पकड सोडवणारे 'व्हेनेटोक्लॅक्स' हे औषध २०१६ साली अमेरिकेत एका रक्तकर्करोगासाठी मान्य झाले. हे औषध पेशीला विष घालत नाही. तिला विसरलेले मरण आठवून देते.

पिकले पान गळते, म्हणून झाड जगते. आपल्या घरातली वडीलधारी माणसे हे सांगतच आली. शरीरालाही तेच ठाऊक होते.