तळटीप : ‘डोंगरकडची कोळी पोरं’

१. डोंगरकडची कोळी पोरं : चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, भोरगिरी-भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळ्यांची गावे आहेत. लेखकाला अभिप्रेत आहेत ते हेच. किनाऱ्यावर मासेमारी करणारे सोनकोळी नव्हेत. उतारावरची भात-नाचणी-वरई आणि जंगलातला हिरडा ही यांची जुनी उपजीविका. पूर्वज पूर्वेकडच्या महादेव डोंगरांतून सह्याद्रीत आले, अशी परंपरा कॅप्टन मॅकिंटॉशने १८३० च्या दशकात नोंदवली. कुळांच्या जुन्या यादीत चव्हाण, पवार, कदम, जगताप ही नावेही आहेत. त्यामुळे कथेतल्या कंपनीच्या हजेरीपटावरचे आडनाव वाचून जमात ओळखता येत नाही.

अनुसूचित जमातींच्या यादीत नोंद आहे ती ‘कोळी महादेव, डोंगर कोळी’ अशी. नुसते ‘कोळी’ त्यात बसत नाहीत. माधुरी पाटील खटल्यात (१९९४) शाळेच्या दाखल्यांवरची ‘हिंदू कोळी’ ही नोंद महादेव कोळी असल्याच्या दाव्याच्या आड आली. याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने जात पडताळणी समित्यांची कार्यपद्धती आखून दिली. कुलदैवत, लग्नविधी, चालीरीती विचारून जमातीशी नाते तपासण्याची पद्धत तेव्हापासून रुळली. मात्र ही निर्णायक कसोटी नव्हे, असे त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केले. पूर्वजांच्या जुन्या, विशेषतः १९५० पूर्वीच्या नोंदींना म्हणूनच एवढे मोल आहे. पुढील प्रकरणात नायक आजोबांचा दाखला शोधत फिरतो, तो यासाठी. — संपा.