हुगळीचे पायलट आणि धोक्याची जाणीव : एक ऐतिहासिक विचार

'सुरक्षा संस्कृती' ही संज्ञा १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेच्या मीमांसेतून रूढ झाली. तीत अभिप्रेत असलेला प्रश्न, म्हणजे धोक्याची जाणीव व्यक्तीपाशीच राहते की संस्थेची होते, हा मात्र कितीतरी जुना आहे. प्रस्तुत लेखात बंगाल पायलट सर्व्हिसच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

सँडहेड्सपासून कोलकात्यापर्यंतचा जलमार्ग २०० किलोमीटरहून अधिक लांबीचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातच येथे पायलट नेमण्यास प्रारंभ केला. दामोदर व रूपनारायण यांच्या मुखांजवळील 'जेम्स अँड मेरी' हा वाळूचा दांडा विशेष कुप्रसिद्ध होता. १६९४ साली तेथे बुडालेल्या 'रॉयल जेम्स अँड मेरी' या जहाजावरून त्यास हे नाव पडले. जहाजाचा तळ वाळूत रुतला की भरतीचा लोंढा ते आडवे करी आणि वाळू ते गिळून टाकी. शिवाय हा दांडा स्थिर नव्हता. काल ज्या मार्गाने जहाज नेले तो आज पुरेसा खोल असेलच, याची शाश्वती नसे. म्हणून येथे अनुभवाइतकाच अनुभवावरील अविश्वासही आवश्यक होता. या सेवेचे खरे वैशिष्ट्य प्रस्तुत लेखकाच्या मते हेच होय.

हा अविश्वास शिकवला कसा जाई? नवा उमेदवार 'लीड्समन अप्रेंटिस' म्हणून दाखल होई. शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून पाण्याची खोली मोजणे, हे त्याचे काम. पुढे मेट पायलट, मास्टर पायलट आणि अखेरीस ब्रँच पायलट अशा पायऱ्या असत. नदीचे नकाशेही वारंवार सुधारले जात.

आकाशातून येणाऱ्या धोक्याबाबत अशी व्यवस्था उशिरा आली. 'सायक्लोन' हा शब्द हेन्री पिडिंग्टन याने कोलकात्यातच १८४८ मध्ये प्रचारात आणला होता. तरीही वादळाच्या पूर्वसूचनेची पद्धत या बंदरात १८६५ मध्ये, म्हणजे ५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळाने हजारोंचे प्राण घेतल्यानंतरच सुरू झाली. वाळूचा धोका रोजचा, म्हणून तो नोंदला गेला. वादळाचा क्वचितचा, म्हणून तो दैवावर सोडला गेला.

इंग्रजी लेखनात हुगळीचा पायलट बहुधा एकाकी, धीरोदात्त पुरुष म्हणून येतो. ही सेवा दीर्घकाळ युरोपियनांचीच राहिली. तथापि याच पाण्यात पिढ्यानपिढ्या होड्या हाकणाऱ्या माझींचे प्रवाहज्ञान पायलटांच्या कानी कधी पडलेच नसेल, असे मानणे कठीण आहे. ते नकाशांत कितपत उतरले, याचा शोध बंगाली साधनांच्या आधारे घेणे अगत्याचे आहे.