औषधाची पेटी : दिंडीतल्या एका सेवेचा इतिहास



दिंडीची शंभर वर्षं मोजायला बसलं की वीणेकरी, टाळकरी, चोपदार, पंगतीचे मानकरी यांची आठवण निघते. ती निघायलाच हवी. पण सामानाच्या गाडीत एक लाकडी पेटी असायची, तिच्याविषयी कुणी दोन ओळी लिहिलेल्या नाहीत. ती औषधाची पेटी आमच्या घरात तीन पिढ्या आहे, म्हणून हे लिहिण्याचं धाडस करतो.

आपण किनाऱ्यावरची माणसं. आषाढात भाताची लावणी असते, तेव्हा शेत सोडून निघणं बहुतेकांना जमत नाही. म्हणून कापणी-झोडणी उरकली की कार्तिकीला आळंदी. पेण, खोपोली, बोरघाट, लोणावळा, देहू ही वाट. खाऱ्या हवेतला माणूस घाट चढून थंडीत जातो आणि तीन दुखणी हमखास गाठतात. पायाला भेगा नि फोड, गुडघ्यांची धरण, आणि जागोजागचं पाणी पोटात गेल्यानं लागलेली हगवण.

या तिन्हींवर आजोबांच्या पेटीत तीन वस्तू असत. भेगांना मुठेल. रातांब्याच्या बिया वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा. वर आलेलं तेल निवलं की थिजतं, त्याचे मुठीनं गोळे वळायचे. पायाला चोळलं की अंगाच्या ऊबेनंच पाघळतं. गुडघ्यांना निर्गुडीचं तेल. आणि हगवणीला कुड्याच्या सालीचा काढा.

कुडा हे काही आजोबांचं गुपित नव्हे. चरक-सुश्रुतांपासून तो कुटज नावानं सांगितलेला आहे. गार्सिया द ऑर्टा नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला, मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडानं होतं. 1563 साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात हगवणीवर इथले लोक वापरत त्या झाडाची हकिगत आहे. अभ्यासक ते झाड म्हणजे कुडाच मानतात. साता समुद्रापलीकडच्या माणसानं ते विचारून घेतलं आणि लिहून ठेवलं. आमच्या घरात मात्र लिहिलेलं काही नव्हतं. आजोबा म्हणायचे, "झाराचा नाव सांगला का गुन जातो." ही समजूत आपल्याकडे घरोघर होती. आजोबा गेले, पेटी राहिली, माप त्यांच्याबरोबर गेलं.

पुढच्या वर्षी आम्ही पोरांनीच साल काढून आणली. घाट चढताना एका वयस्कर टाळकऱ्यांना हगवण लागली. काढा दिला, पुन्हा दिला. उतार नाही. लोणावळ्यापर्यंत डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली, बोलणं तुटक झालं. दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, म्हणून माणूस वाचला. डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलं होतं?" आम्ही सांगितलं, कुडा. "किती?" याला उत्तर नव्हतं.

घरी आल्यावर उरलेली साल डोंगरातल्या एका कातकरी मावशींना दाखवली. त्यांनी झाडापाशी नेऊन दाखवा म्हटलं. झाड बघून हसल्या. तो काळा कुडा होता. औषधाचा तो पांढरा. दोघांनाही चीक येतो, दोघांच्या शेंगा जोडीनं लागतात. पण पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात, काळ्याच्या कोवळ्या शेंगा टोकाला जुळलेल्या असतात. पांढऱ्याचं बी कडू, ते कडू इंद्रजव. काळ्याचं तसं नाही, म्हणून त्याला गोडे इंद्रजव म्हणतात. ही गफलत बाजारातल्या मालातही होते, हे नंतर कळलं.

मग मी पनवेलच्या एका वैद्यांकडे चार पावसाळे जाऊन शिकलो. पनवेल हे त्यासाठी योग्यच गाव. 1872 साली कृष्णशास्त्री पुराणिक यांनी तिथं श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला. नाव राजापूरजवळच्या देवस्थानाचं. वैद्याच्या खलातलं औषध कारखान्यात आलं की माप ठरावंच लागतं, कारण बनवणारा एक आणि घेणारा दूरगावचा. पुढे 1964 सालच्या दुरुस्तीनं औषध कायद्यात आयुर्वेदिक औषधांच्या निर्मितीचे नियमही आले.

वैद्यांनी पहिला धडा दिला तो पाच कल्पनांचा. स्वरस म्हणजे पिळून काढलेला रस, कल्क म्हणजे वाटलेली चटणी, क्वाथ म्हणजे काढा, हिम म्हणजे रात्रभर थंड पाण्यात भिजवलेलं, फांट म्हणजे गरम पाण्यात घालून गाळलेलं. स्वरस पचायला सगळ्यांत जड, फांट सगळ्यांत हलका. दुसरा धडा मापाचा. शार्ङ्गधरानं काढ्याला औषधाच्या 16 पट पाणी सांगितलं आणि ते आटवून आठवा हिस्सा ठेवायचा. आम्ही घाटात काय केलं होतं? मूठभर साल, टोपभर पाणी, रंग आला की उतरवलं. तेलाला ढोबळ प्रमाण कल्क 1, तेल 4, पाणी किंवा काढा 16. कल्क बोटांत वळला की वात व्हावी आणि ती विस्तवावर धरली की तडतडू नये. तडतडली तर पाणी राहिलंय. ओली वनस्पती सहसा दुप्पट घ्यायची, पण गुळवेल, अडुळसा, कुडा यांना ती सूट नाही. ती ओलीच घ्यायची, दुप्पट नाही.

तिसरा धडा सगळ्यांत मोठा. हगवणीत माणूस दगावतो तो बहुधा अंगातलं पाणी गेल्यानं. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे देऊन कितीतरी माणसं वाचवली. आमच्या टाळकऱ्यांना खरी गरज त्याची होती. अस्सल पांढरा कुडा असता तरी ती गरज उरलीच असती.

उरणच्या द्रोणागिरीविषयी सांगतात, मारुतीराय औषधींचा डोंगर नेत असताना त्याचा तुकडा तिथं पडला. मुळी कुठली हे ठाऊक नसलं की अख्खा डोंगर उचलावा लागतो. मारुतीरायांची ताकद आपल्यात नाही. आपल्याला झाड ओळखावंच लागतं.

आज पेटीत मुठेल आहे, निर्गुडीचं तेल आहे, मीठ-साखरेच्या पुड्या आहेत आणि एक वही आहे. वहीत झाडाचं नाव, खूण, माप, कुणाला देऊ नये हे सगळं लिहिलंय. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे पहिल्याच पानावर. रक्त पडलं, ताप चढला, लघवी थांबली तर काढा नाही, थेट दवाखाना, हे त्याच्याखाली. धोत्रा, कण्हेर, गुंज यांना हात लावायचा नाही, हे लाल शाईत.

ज्ञानोबारायांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला, म्हणून तो आपल्या ओसरीवर पोचला. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'आर्यभिषक्' लिहून वैद्यकाच्या बाबतीत तेच केलं. ज्यांनी सांगितलं त्यांचा गुण गेला नाही. गेला तो आमच्या आजोबांचा, न सांगितल्यानं. त्यांना दोष देत नाही, काळच तसा होता.

माउलींना एवढीच विनंती की तुमच्या घरात म्हातारी माणसं असतील, एखाद्या पाल्याची माहिती असेल, तर यंदाच्या वाटेवर वहीत लिहून द्या. झाड दाखवायला सोबत येत असाल तर फारच बरं. वही पेटीतच असते, गाडीत, डाव्या हाताला.