पालि वाङ्मयातील गणिका : उत्पन्न आणि पराधीनता

प्राचीन भारतातील नगरजीवनाचे वर्णन करताना गणिकेच्या वैभवाचा उल्लेख हटकून केला जातो. अम्बपालीचे आम्रवन, तिची याने, तिचे एका रात्रीचे मूल्य यांवरून हा व्यवसाय संपन्नतेचा आणि प्रतिष्ठेचा होता, असा निष्कर्ष काढण्यात येतो. हा निष्कर्ष मूळ ग्रंथांच्या आधारे तपासून पाहणे आवश्यक आहे.

विनयपिटकातील महावग्गाच्या चीवरक्खन्धकात दोन आकडे आढळतात. वैशालीची अम्बपाली एका रात्रीचे ५० कहापण घेई. तिच्यामुळे वैशालीची भरभराट झाल्याचे पाहून राजगृहाच्या एका नगरश्रेष्ठीने बिंबिसाराच्या संमतीने सालवती नावाच्या कुमारीला गणिका केले. तिचे मूल्य १०० कहापण ठरले. येथे पालि क्रियापद 'वुट्ठापेसि' असे आहे. ते प्रयोजक आहे. सालवती गणिका झाली असे ग्रंथ म्हणत नाही. तिला गणिका करण्यात आले, असे म्हणतो. नगराची भरभराट हा हेतू होता आणि सालवती हे त्याचे साधन.

जातक-अट्ठकथेत हा आकडा १००० पर्यंत चढतो. तो बराचसा सांकेतिक आहे. परंतु तक्कारिय जातकातील तपशील उद्बोधक आहे. तेथे काली नावाच्या गणिकेचे मूल्य १००० असले, तरी त्यांतील ५०० वस्त्रे, गंध व माळा यांसाठी जात आणि उरलेले ५०० तिचे असत. म्हणजे ग्राहकाने दिलेली रक्कम आणि स्त्रीच्या हाती उरलेली रक्कम या दोन भिन्न गोष्टी होत्या.

या व्यवसायाची राजकीय बाजू कौटिलीय अर्थशास्त्रात दिसते. हा ग्रंथ बुद्धकालानंतरचा असल्याने दोहोंतील रकमांची सरळ तुलना करता येत नाही. व्यवस्थेचे स्वरूप मात्र त्यातून कळते. गणिकाध्यक्ष १००० पण देऊन गणिकेची नेमणूक करी आणि तिच्या आय-व्ययाचा हिशेब ठेवी. रूपाजीवेला दरमहा दोन दिवसांचे उत्पन्न राजाला द्यावे लागे. राजाज्ञा होऊनही एखाद्या पुरुषाकडे न जाणाऱ्या गणिकेस १००० फटके किंवा ५००० पण दंड होता. या बंधनातून सुटण्याचे निष्क्रयमूल्य होते २४,००० पण. नेमणुकीचे १००० पण वार्षिक वेतन मानले, तर एकही पण खर्च न करता ते साठविण्यास २४ वर्षे लागतील. त्याच ग्रंथात सामान्य सेवकाचे वार्षिक वेतन ६० पण आहे. गणिकेची प्राप्ती मोठी होती, हे खरे. पण स्वतःच्या देहावरील हक्क त्या प्राप्तीने तिला विकत घेता येत नव्हता.

आजारपण व गर्भारपण यांत तर ही प्राप्तीही थांबे. गर्भवती स्त्री पुरुषांना आवडत नाही, आपला सर्व मान जाईल, या भीतीने सालवतीने आजाराचे निमित्त करून दार बंद ठेवले आणि जन्मलेले मूल सुपात घालून उकिरड्यावर टाकविले. अभय राजकुमाराने वाचविलेले तेच मूल पुढे जीवक वैद्य म्हणून प्रसिद्धीस आले. धम्मपद-अट्ठकथेत सिरिमेच्या मृत देहाचे मूल्य १००० पासून उतरवीत नेले जाते. शेवटी फुकटही तो घेण्यास कोणी पुढे येत नाही.

या पार्श्वभूमीवर चुल्लवग्गातील अड्ढकासीची कथा वाचावी. काशीची ही गणिका भिक्षुणींमध्ये प्रव्रजित झाली होती. उपसंपदेसाठी तिला भगवंतांकडे श्रावस्तीस जायचे होते. पण धूर्त लोक वाटेवर दबा धरून बसले. व्यवसाय सोडला, तरी पुरुषांनी तिच्यावरील आपला दावा सोडला नव्हता. तेव्हा भगवंतांनी दूताकरवी उपसंपदा देण्याची अनुज्ञा दिली, आणि समर्थ भिक्षुणीने दूत व्हावे असे ठरले. एका स्त्रीचा मार्ग अडविला गेला, म्हणून संघाने आपला नियम बदलला. नगराने गणिकेचे मूल्य ठरविले होते. बाहेर पडण्याची वाट तिला संघाने दिली. गणिकेच्या वैभवाचे आकडे सांगताना हा भेद विसरता कामा नये.