वैद्यकीय विद्यापीठांतील आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण

एका देशातील वैद्यकीय विद्यापीठाने आपले विद्यार्थी, अध्यापक व कर्मचारी ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या देशातील विद्यापीठात शिकायला, शिकवायला वा संशोधनाला पाठवण्याची आणि तिकडच्यांना आपल्याकडे बोलावण्याची व्यवस्था. जाणारी व्यक्ती मूळ संस्थेचीच राहते आणि मुदत संपताच परतते, हे या व्यवस्थेचे मुख्य लक्षण. पदवीसाठी परदेशी जाणे तिच्यात मोडत नाही. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेला गेल्या आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाल्या. त्यांना भारतातील कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाने पाठवले नव्हते, की त्यांच्या बदल्यात तिकडून कोणी आले नव्हते. त्यामुळे ते परदेशी शिक्षण होते, देवाणघेवाण नव्हे.

इतिहास : दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील वैद्यकीय विद्यार्थ्यांनीच पुढाकार घेतला. 1951 मध्ये कोपनहेगन येथे वैद्यकीय विद्यार्थी संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि परदेशी रुग्णालयांतील अनुभव हे त्याचे आरंभापासूनचे काम ठरले. शासकीय पातळीवर मोठे पाऊल पडले ते 1987 मध्ये, युरोपीय समुदायाच्या इरॅस्मस योजनेने. सर्व विद्याशाखा मिळून पहिल्या वर्षी 11 देशांतील 3,244 विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. परदेशात केलेला अभ्यास मायदेशी मोजायचा कसा, हा प्रश्न लगेच उभा राहिला. त्यासाठी 1989 मध्ये क्रेडिट हस्तांतरणाची पद्धत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. तिच्यासाठी निवडलेल्या पाच विषयांत वैद्यकही होते. या पद्धतीत पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला 60 क्रेडिट मिळतात. वैद्यकात मात्र हा हिशेब सहज जुळत नाही. एका ठिकाणी शरीररचना, शरीरक्रिया असे विषय स्वतंत्र शिकवतात, तर दुसरीकडे हृदय, फुप्फुसे अशा अवयवसंस्थांप्रमाणे त्यांची एकत्र मांडणी असते. त्यामुळे परतलेल्या विद्यार्थ्याचा एखादा भाग दोनदा होतो, तर एखादा राहूनच जातो.

विद्यार्थ्यांची देवाणघेवाण : तिचे तीन प्रकार रूढ आहेत. पहिला प्रकार सत्राचा वा वर्षाचा. इरॅस्मसमधील विद्यार्थी बहुधा असे जातात. दुसरा इलेक्टिव्हचा, त्यात विद्यार्थी आपल्या आवडीचा विषय आणि ठिकाण निवडून काही आठवडे काढतो. तिसरा महासंघाच्या द्विपक्षीय करारांचा. यात मुक्काम साधारण चार आठवड्यांचा असतो आणि जेवढे विद्यार्थी पाठवायचे तेवढेच बोलवायचे, हे तत्त्व पाळले जाते. पाहुण्याची राहण्याची सोय आणि त्याला घेऊन फिरणारा सोबती स्थानिक विद्यार्थी पुरवतात. महासंघाच्या संशोधन-देवाणघेवाणीत वॉर्डाऐवजी प्रयोगशाळेत वा एखाद्या प्रकल्पावर काम असते.

वॉर्डात पाहुणा विद्यार्थी राउंडला हजर असतो. स्थानिक भाषा येत नसल्यास तिथला एखादा विद्यार्थी रुग्णाचे बोलणे त्याला सांगतो. रुग्णाने संमती दिली आणि शिक्षक शेजारी असले, तर तो छाती ऐकतो, पोट तपासतो. केसपेपरवर औषध लिहिण्याचा वा सही करण्याचा अधिकार मात्र त्याला नसतो. तो मायदेशी शेवटच्या वर्षात असला, तरी यजमान देशात नोंदणी झालेला डॉक्टर नसतो. काही ठिकाणी हात लावण्याचीही मुभा नसते, केवळ निरीक्षण करायचे असते. लसीकरणाचे दाखले, विमा, व्हिसा आणि मूळ विद्यापीठाचे पत्र यांची पूर्तता आधीच करावी लागते. सुई टोचल्यास कोणाला कळवायचे आणि प्रतिबंधक औषध कोठे मिळेल, हेही निघण्यापूर्वी ठरलेले असावे लागते.

अध्यापक व कर्मचारी : अध्यापकांच्या भेटी काही दिवसांपासून काही वर्षांपर्यंतच्या असतात. इरॅस्मसमध्ये शिकवण्यासाठी गेलेल्याने आठवड्याला किमान आठ तास शिकवावे अशी सर्वसाधारण अट आहे. व्याख्यानांखेरीज परीक्षापद्धती, कौशल्य-प्रयोगशाळेची उभारणी, संयुक्त संशोधन आणि शोधप्रबंधांचे मार्गदर्शन ही कामे होतात. परिचारिका, प्रयोगशाळा-तंत्रज्ञ, ग्रंथपाल आणि परदेशी विद्यार्थ्यांचे काम पाहणारे कारकून यांनाही अशा योजनांतून जाता येते.

भारत : भारतातील वैद्यकीय विद्यार्थ्यांची संघटना वरील महासंघाची सदस्य आहे. 2019 पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात इलेक्टिव्हची तरतूद झाली. परदेशी डॉक्टरला मात्र भारतात आवश्यक परवानगी वा नोंदणीशिवाय रुग्णांवर उपचार करता येत नाहीत.

मर्यादा : ही ये-जा बहुधा समान नसते. श्रीमंत देशांतील विद्यार्थी आफ्रिका-आशियातील रुग्णालयांत सहज पोहोचतात. उलट दिशेने येणाऱ्यांना व्हिसा आणि खर्च आडवे येतात. आधीच गर्दी असलेल्या वॉर्डात पाहुण्यांना शिकवण्याचा भार स्थानिक डॉक्टरांवर पडतो. घरी ज्याची परवानगी मिळणार नाही, ते गरीब देशातील रुग्णांवर करून पाहण्याचे प्रकारही टीकेचा विषय झाले आहेत. अशा प्रशिक्षणासाठी 2010 मध्ये नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. पाठवणारी संस्था, यजमान संस्था, विद्यार्थी आणि निधी देणारे यांची कर्तव्ये त्यांत वेगवेगळी सांगितली आहेत. गेलेले अध्यापक परतलेच नाहीत, तर पाठवणारी संस्था उलट दुबळी होते. म्हणून अनेक करारांत परतण्याची अट असते.

एक उदाहरण : कोरियन युद्धानंतर अमेरिकी मदतीतून सोल राष्ट्रीय विद्यापीठ आणि मिनेसोटा विद्यापीठ यांच्यात 1954 मध्ये करार झाला. वैद्यक, अभियांत्रिकी, शेती अशा शाखांतील अध्यापक काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत मिनेसोटात राहिले. त्यांत वैद्यकाचे 77 होते. मिनेसोटाहून सोलला आलेले वैद्यकीय सल्लागार मोजकेच होते, म्हणजे ही देवाणघेवाणही एकतर्फी होती. तरीही तिचा परिणाम टिकला, कारण विद्यार्थी नव्हे तर शिकवणारेच गेले होते आणि ते परतून आपापल्या विभागात रुजू झाले. व्याख्यानांवर भर देणाऱ्या जपानी वळणाच्या शिक्षणात रुग्णाच्या खाटेशी शिकवण्याला आणि इंटर्न-रेसिडेंट पद्धतीला त्यांनी स्थान दिले. पुढे 2010 मध्ये सोलने लाओसमधील वैद्यकीय अध्यापकांना प्रशिक्षण देण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्याला जागतिक आरोग्य संघटनेचे माजी महासंचालक आणि सोल विद्यापीठाचेच वैद्यकीय पदवीधर ली जाँग-वूक यांचे नाव दिले आहे.