टाकीतला संकर आणि ‘शुद्ध’पणाचा प्रश्न

घरच्या काचेच्या टाकीत दोन जातींचे मार्जारमासे एकत्र ठेवावेत आणि पुढे दोघांशीही पुरती न जुळणारी पिल्ले दिसावीत, असे कधी कधी घडते. मग त्यांची जात कोणती म्हणायची? प्रश्न मासे पाळणाऱ्याचा दिसतो, पण त्याचा इतिहास आपल्याला फार लांब नेतो. तो नीट नोंदला गेला तो दुसऱ्या दोन माशांच्या बाबतीत : प्लॅटी आणि स्वोर्डटेल.

दोघेही मूळचे मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते जर्मनीत आले आणि हौशी लोकांच्या टाक्यांत शेजारी पोहू लागले. मूळच्या नद्यांतही ते एकत्र राहतात. पण तिथे त्यांचा संकर सहसा होत नाही. टाकीत मात्र स्वजातीचा जोडीदार नसला की ही आडकाठी गळून पडते. पिल्ले झाली, ती वांझ नव्हती, रंगाने उठावदार होती. बाजाराला आणखी काय हवे!

पण काही संकरित माशांच्या अंगावरचे काळे ठिपके पसरून गाठी होऊ लागल्या. १९२८च्या सुमारास जर्मनीत हॉयस्लर व कॉसविग आणि अमेरिकेत मायरन गॉर्डन या गाठींच्या मागे लागले. हा त्वचेचा कर्करोग होता, मेलानोमा. उलगडा असा : प्लॅटीत गाठ घडवू शकणारे जनुक असते आणि त्याला लगाम घालणारे दुसरेही. संकरित पिल्लू पुन्हा स्वोर्डटेलशी जुळवले, तर साधारण चारांतल्या एका पिल्लात पहिले येते, लगाम येत नाही. गाठीचे हे जनुक १९८९ साली वेगळे काढण्यात आले.

आता बघा, इथे जपून पाऊल टाकायला हवे. ‘संकर झाला म्हणून रोग झाला, तेव्हा शुद्ध राहा’ असे म्हणायला माणूस टपलेलाच असतो. १९३५ साली जर्मनीत ज्यूंशी विवाहाला बंदी करणारे कायदे झाले. १९३७ साली कॉसविग देश सोडून इस्तंबूलला गेले. मधल्या १९३६ साली आपल्याकडे डॉ. आंबेडकर ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये सांगत होते की जातिभेद हा वंशभेद नव्हे, एकाच वंशाच्या लोकांची ती सामाजिक विभागणी आहे.

आमच्या भाषेची अडचण अशी की माशांचीही ‘जात’ आणि माणसांचीही ‘जात’. शब्द एक, अर्थ दोन. प्लॅटी आणि स्वोर्डटेल दीर्घकाळ वेगळे वाढलेले जीव आहेत. माणूस ही सगळी मिळून एकच जाती. त्यामुळे माशांचा दाखला आपल्या लग्नांना लागूच होत नाही. शिवाय एक गोष्ट विसरू नये : गाठीचे ते जनुक संकराने निर्माण केले नव्हते. ते आधीपासून त्या ‘शुद्ध’ प्लॅटीच्याच अंगात होते.