वेणी आणि गणवेश : एका शालेय नियमाचे दोन अर्थ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील आदिवासी मुलांच्या निवासी शाळांत केशकर्तन व गणवेश हाच शिक्षणाचा पहिला धडा असे. कार्लाइल येथील शासकीय शाळेने (स्थापना १८७९) मुलांची प्रवेशावेळची व नंतरची छायाचित्रे प्रसृत करून हे ‘परिवर्तन’ दृश्यरूपात मांडले.

पुढे ‘झित्काला-शा’ या नावाने लेखिका म्हणून ख्यात झालेली यांक्टन डकोटा जमातीची मुलगी १८८४ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, इंडियानातील वाबाश येथील क्वेकर पंथीयांच्या शाळेत दाखल झाली. शाळेच्या दृष्टीने शालीन असलेला अंगाबरोबरचा पोशाख तिला निर्लज्जपणाचा वाटला. आखूड केस तिच्या समाजात शोकाचे, तर बारीक कातरलेले केस भित्रेपणाचे चिन्ह होते. पलंगाखाली लपलेल्या तिला ओढून काढून, खुर्चीला बांधून तिच्या वेण्या कापल्या गेल्या. हा प्रसंग तिने १९०० साली ‘अटलांटिक मंथली’त लिहिला.

छायाचित्रांत शाळांचा अर्थ उरला. मुलीचा अर्थ उरला तो गद्यात, आणि तोही शाळेनेच शिकविलेल्या इंग्रजीत. नियमाचा इतिहास लिहिताना म्हणूनच नियमावलीइतकेच आत्मकथनही प्रमाण मानावे लागते.